तीनदा लिहिलेली ओळ

"निरोप आला होता," मास्तर फोनवर म्हणाले. "आला होता, आणि आता नाही."

आठला पाच कमी होते. कुलूपवालीने दात घासायचा ब्रश तोंडातून काढला आणि कोणाचा, असं विचारायच्या आतच तिला उत्तर कळलं. मास्तरांच्या घरी निरोप म्हटला की तो एकाचाच असायचा.

तिला कुलूपवाली म्हणायचे ते तिच्या धंद्यामुळे. दुकानं, दवाखाने, छोट्या कचेऱ्या यांची वेबसाइट चालवणारी यंत्रं, म्हणजे सर्व्हर, ती सांभाळायची आणि त्यांची नको ती दारं बंद करायची. हे सगळं ती शिकली ते मास्तरांच्याच समोरच्या खोलीत, चौदा वर्षांपूर्वी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी अर्ध्या वस्तीला कमांड लिहायला शिकवलं होतं.

आठ वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा मुलगा बापाशी भांडून घर सोडून गेला. फोन बंद, पत्ता नाही. मास्तरांनी मग एकच उद्योग केला. घरातल्या सर्व्हरवर एक पान उघडलं. वर घराच्या दाराचा फोटो, खाली लिहायला एक चौकट. दुसऱ्याच्या यंत्रावर पान ठेवलं आणि त्याने उद्या दुकान बंद केलं, तर पोराने लिहायचं कुठे, असं त्यांचं म्हणणं. आठ वर्षांत ते पान एकदाही तासाभरापेक्षा जास्त बंद पडलं नव्हतं.

ती पोचली तेव्हा मास्तर दारातच उभे होते. त्यांनी फोन पुढे केला. चौकटीत कोणी काही लिहिलं की त्याची सुरुवात त्यांच्या फोनवर यायची, आणि मेसेजमध्ये साधारण सत्तर अक्षरं मावायची. सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी आलेला मेसेज असा होता:

"बाबा, मी आहे. आज दोनपर्यंतच इथे आहे, मग कायमचा चाललो. यायचं असेल तर"

पुढे काही नव्हतं.

"मी फिरायला गेलो होतो. फोन चार्जिंगला होता," मास्तर म्हणाले. "सात-दहाला आलो, हे पाहिलं, यंत्र उघडलं. निरोपांच्या फोल्डरमध्ये फाइलच नाही. इथे म्हणजे कुठे गं? कुठे जाऊ मी?"

साडेआठ वाजले होते आणि हातात साडेपाच तास होते.

खोली होती तशीच होती. एका भिंतीला टेबल, त्यावर सर्व्हर आणि पडदा. दुसऱ्या भिंतीला काकूंचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं, शिलाई मशीन. मास्तर शिकवायचे तेव्हा काकू तिथेच बसून लोकांचे कपडे शिवायच्या, कारण घरात उजेडाची खोली ती एकच. मशीनशेजारी त्यांची ती जाड वही होती. शिवलेल्या प्रत्येक कापडाचा एक तुकडा त्या वहीत टाचून ठेवायच्या. पुढे कधी ठिगळ लावायची वेळ आली तर. काकू आता खुर्चीत बसून बटणांचा डबा निवडत होत्या. पांढरी एकीकडे, काळी एकीकडे.

टेबलाच्या वर भिंतीला मास्तरांचा तक्ता अजून चिकटलेला होता. 'डिलीट करण्याआधी', ठळक अक्षरांत. पेन ड्राइव्ह जोडा, कॉपी घ्या, ताडून पाहा, सिंक करा, ड्राइव्ह सोडवा, मग डिलीट. प्रत्येक पायरीपुढे अख्खी कमांड लिहिलेली. सिंकची ओळ तीनदा होती. जुन्या काळच्या यंत्रांना सगळं डिस्कवर उतरवायला तीनदा सांगावं लागे म्हणे. आता एकदाही सांगावं लागत नाही. त्या तीन ओळींवरून प्रत्येक तुकडीने मास्तरांची चेष्टा केली होती आणि मास्तरांनी स्वतःही ते लिहिणं केव्हाच सोडलं होतं. तळाला बारीक टीप: कमांडच्या आधी एक जागा सोडली, तर यंत्र ती लक्षात ठेवत नाही.

कीबोर्डावरचं फडकं टेबलाच्या कडेला घडी करून ठेवलेलं होतं, कोपऱ्याला कोपरा लावून.

"फडकं तुम्ही काढलंत?" तिने विचारलं.

"मी आलो तेव्हा काढलेलंच होतं. बाहेरून घुसलंय कोणीतरी. बघ, रात्रभरात चारशे जणांनी दार खटखटवलंय."

"ते रोजचंच आहे, मास्तर. जगातले टोळभैरव रस्त्यावरच्या प्रत्येक दाराची कडी हलवून बघतात. आत एकही आलेला नाही."

चोर नंतर, फाइल आधी, असं तिने ठरवलं. पुसलेल्या फाइलच्या जागेवर यंत्र कधीही दुसरं काही लिहू शकतं. तिने सर्व्हर थांबवला, आपलं साधन जोडलं आणि डिस्क खरवडायला घेतली. मास्तर पाठीमागे उभे राहिले. पासवर्ड टाकताना त्यांचे ओठ अजूनही एकेक अक्षर पुटपुटत. यावरून ती त्यांना किती वेळा रागावली होती, पण ते म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

साडेअकरा वाजता तिने हात टेकले. डिस्क नव्या पद्धतीची होती, पुसलेली जागा लगोलग कोरी करणारी. गेल्या वर्षी जुनी काढून ही बसवली होती तिनेच, मोठ्या हौसेने. मध्यरात्री दोनला घेतलेली रोजची प्रत होती, पण निरोप आला सहाला. लिहिणारा मोबाइलवरून आला होता, आणि मोबाइल कंपनीच्या नेटवरच्या त्या एका पत्त्यामागे लाखभर माणसं असतात.

हे सांगताना तिला मास्तरांच्या डोळ्यांत बघवलं नाही. मास्तर खाली बसले. चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. सगळ्या स्टेशनांवर फिरतो म्हणाले. थोरलीने, त्यांच्या मुलीने, त्यांना धरून बसवलं.

"परत तेच करायचंय का, बाबा? मागच्या वेळी काय झालं विसरलात?"

विसरणं कोणालाच शक्य नव्हतं. दोन वर्षांपूर्वी अशीच सुरुवात असलेला निरोप आला होता: बाबा, मी आहे. मास्तर सांगितलेल्या गावी गेले, कडाक्याच्या थंडीत दोन दिवस फलाटावर बसले आणि अॅम्ब्युलन्समधून परत आले. कोणा टवाळखोराने गंमत केली होती. हृदय अर्धंच उरलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर कुलूपवालीने सुचवलं होतं की चौकटीआधी एक प्रश्न ठेवू, ज्याचं उत्तर फक्त मुलालाच ठाऊक असेल. मास्तर म्हणाले होते, "स्वतःच्या घरी आलेल्या पोराला दारात उभं करून प्रश्न विचारू?" तो विषय तिथेच संपला.

तिने सर्व्हर पुन्हा चालू केला आणि चोराकडे वळली.

यंत्रात कोण आलं गेलं याच्या नोंदी उघडल्या. आज सकाळी नेटवरून कोणीही आत आलं नव्हतं. पण सहा अठराला एक लॉगिन होतं, मास्तरांच्याच नावाने, यंत्राच्या स्वतःच्या कीबोर्डवरून. पासवर्ड पहिल्याच फटक्यात बरोबर. सहा एक्कावनला बाहेर.

म्हणजे चोर याच टेबलाशी बसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आदल्या संध्याकाळपासून घरात चौघं होती: मास्तर, काकू, मुक्कामाला आलेली थोरली आणि तिचा नवरा. सहा ते सात मास्तर बाहेर होते, हे वाटेतल्या दूधवाल्यापासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांनी पाहिलं होतं. उरले तिघं.

तिने लिहिलेल्या कमांडची यादी पाहिली. कोरी. प्रत्येक कमांड एक जागा सोडून लिहिलेली असणार. पण गेल्या वर्षी डिस्कबरोबर तिने आणखी एक नोंद चालू केली होती, जिच्यापुढे ही युक्ती चालत नाही. कोणती कमांड किती वाजता चालली एवढंच तीत उतरतं. कशावर चालली ते नाही. तिने ती उघडली आणि हळूहळू वाचली. जोडा. कॉपी. ताडून पाहा. सिंक. सिंक. सिंक. ड्राइव्ह सोडवा. डिलीट. एकूण तेहेतीस मिनिटं.

तिने पडदा बंद केला आणि जावयाला गॅलरीत बोलावलं.

जावई तिच्याच तुकडीतला. छपाईचं दुकान होतं, बोटं कीबोर्डवर पाण्यासारखी चालायची.

"सकाळी सहा ते सात कुठे होतात?"

"झोपलो होतो."

"तुमच्या चपला दाराबाहेर आहेत. रात्री इथे सगळ्या चपला आत घेतात."

त्याने एकदा मागे बघितलं. "तिला सांगू नकोस. सिगारेट सोडली म्हणून शपथ घेतलीय. सहाला मामंजी गेले, तेव्हापासून ते परत येईपर्यंत बाहेरच्या पायरीवर होतो. तीन ओढल्या."

"त्या वेळात दारातून कोणी आत गेलं?"

"मांजरसुद्धा नाही."

"पायरीवर मास्तरांनी तुम्हाला पाहिलं?"

"पाहिलं की. मला म्हणाले, चौथी तरी नको."

आत जाऊन तिने विचारलं, तेव्हा मास्तरांनी मान डोलावून ते खरं असल्याचं सांगितलं. म्हणजे बाहेरचा कोणी नाही, आणि जावईही नसावा.

थोरली स्वयंपाकघरात भांडी घासत होती, घासलेलीच पुन्हा.

"गेल्या रविवारी तू मास्तरांना पान बंद करा म्हणालीस."

"म्हणाले. आजही म्हणेन. त्या पानाने माझा बाप खाल्लाय." ती रडू लागली. "पण मी पुसलं असतं तर त्यांच्यासमोर पुसलं असतं. आणि त्या जुन्या कीबोर्डशी कशाला बसले असते? माझ्या लॅपटॉपमध्ये या यंत्रात शिरायची चावी आहे. अंथरुणात बसून एका मिनिटात झालं असतं."

"कॉपी घेतली असतीस?"

"कशाला घेऊ? पुसायचंच असतं तर पुसलं असतं."

"सिंक?"

"ते तीनदावालं?" एवढ्या रडण्यातही तिला हसू आलं. "ते तर बाबाही करत नाहीत आता."

कुलूपवालीने घड्याळ पाहिलं. एक वाजत आला होता. मग तिने सगळ्यांना समोरच्या खोलीत बोलावलं. पुढची वाक्यं तिने मनात दोनदा म्हणून पाहिली, कारण ती चुकली तर ड्राइव्ह गटारात जाईल, आणि बरोबर आली तर एक घर मोडेल.

"निरोप अजून आहे," ती म्हणाली.

मास्तर उठून उभे राहिले.

"बसा. ज्याने पुसला त्याने आधी त्याची कॉपी घेतली, पेन ड्राइव्हवर. ती नीट उतरली का तेही ताडून पाहिलं. म्हणजे त्याला निरोप नष्ट करायचा नव्हता. आज दोनपर्यंत तुमच्या हाती लागू द्यायचा नव्हता, इतकंच."

बटणं डब्यात पडायची थांबली.

"मी आधी माणूस हुशार समजले. जागा सोडून लिहितो, मागे खूण ठेवत नाही. मग वेळ बघितली. आठ कमांडना तेहेतीस मिनिटं. मास्तरांकडे शिकलेल्या कोणालाही दीड मिनिट लागलं असतं. हा माणूस एकेक अक्षर शोधत होता. आणि त्याने सिंक तीनदा लिहिलं. ज्याला कमांड समजते तो ती ओळ गाळतो. ज्याला समजत नाही, पण मास्तरांनी लिहिलंय म्हणजे ते बरोबरच असणार असा ज्याचा विश्वास आहे, तो तिन्ही ओळी लिहितो. बाहीच्या मापासारख्या. एक धागाही इकडेतिकडे नाही."

तिने कडेचं फडकं उचललं.

"चोरी करायला बसलेला माणूस फडकं भिरकावतो. हे कोपऱ्याला कोपरा लावून ठेवलंय. पासवर्ड कोणाला माहीत असेल? जो पंधरा वर्षं या खोलीत बसून मास्तरांचं पुटपुटणं ऐकतोय त्याला. आपण सगळे तुकड्यातुकड्यांनी आलो, शिकलो आणि गेलो. प्रत्येक तुकडीचा प्रत्येक धडा ऐकलेली विद्यार्थिनी एकच आहे, आणि तिचं नाव आपण कधी हजेरीत घेतलं नाही." तिचा आवाज खाली आला. "काकू, तुम्ही कधी कुठल्या कापडाचा तुकडा टाकून दिला नाहीत. हाही टाकला नसणार."

काकूंनी डब्यात हात घातला. बटणांच्या तळातून निळा पेन ड्राइव्ह काढला आणि मांडीवर ठेवला. द्यायला मात्र हात उचलला नाही.

"फोन वाजला म्हणून बघितलं," त्या म्हणाल्या. "वर तेच लिहिलेलं. बाबा, मी आहे. मागच्या वेळीही तेच होतं. फोन काही मला उघडता येईना. म्हटलं, कुठे ते कळलंच नाही तर हे जाणार कुठे? संध्याकाळी सांगणार होते मी. दोन वाजून गेल्यावर."

"पूर्ण वाचलंस?" मास्तरांनी विचारलं. आवाज इतका शांत होता की थोरली दचकली.

"नाही वाचलं. नुसतं यंत्रात सापडलं, तसं उचललं. वाचलं असतं तर मीच धावत सुटले असते." त्यांनी पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, एक गेलाच आहे. तुम्हीपण त्याच्या मागे गेलात तर मी कोणाचे कपडे शिवू?"

मास्तरांनी काकूंच्या मांडीवरून ड्राइव्ह घेतला आणि कुलूपवालीला दिला. तिने तो जोडला. एकच फाइल होती. ती मोठ्याने वाचू लागली, कारण मास्तरांचा चष्मा कुठे होता ते कोणालाच आठवत नव्हतं.

"बाबा, मी आहे. आज दोनपर्यंतच इथे आहे, मग कायमचा चाललो. यायचं असेल तर कालव्याच्या पुलाशी, सायकल शिकवताना तुम्ही दम खायला बसायचात त्या बाकावर मी आहे. नाही आलात तरी राग नाही. दारापर्यंत येऊन दोनदा परत गेलो, धीर झाला नाही. आईला आणा. करड्या कोटाच्या बाहीला तिने घातलेला हिरवा टाका अजून तसाच आहे."

काकू उठल्या होत्या. डबा खाली पडला आणि बटणं खोलीभर झाली.

"करडा दोरा संपला होता," त्या म्हणाल्या. "त्या रात्री. तो निघाला तेव्हा फाटलेली बाही मीच टाचून दिली, दारामागे. म्हटलं, आत्ता हिरवाच घे, परत आलास की उसवून नीट घालते. आम्ही दोघंच होतो हो तिथे. दुसऱ्या कोणाला हे माहीत असायचं कारणच नाही."

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. कालव्याचा पूल गाडीने पंचवीस मिनिटांवर. आठ वर्षं सगळ्या जगाला उघडं ठेवलेलं पान, आणि पोरगं बसलं होतं घरापासून पंचवीस मिनिटांवर, सकाळपासून.

कुलूपवालीने गाडी काढली. तिने ती आयुष्यात कधी एवढी वाईट चालवली नव्हती. मास्तर पुढे, हात छातीवर. मागे थोरली आणि जावई, मध्ये काकू. काकूंच्या हातात करड्या दोऱ्याचं रीळ आणि सुई होती, आणि दोरा काही ओवला जात नव्हता. पहिल्या सिग्नलला त्यांनी प्रयत्न केला, दुसऱ्याला केला. तिसऱ्या सिग्नलला कुलूपवालीने मागे हात करून सुई घेतली आणि ओवून दिली. दिवा हिरवा झाला होता, मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवोत.

"मी त्याला काय सांगू?" काकूंनी विचारलं. "तुझा निरोप मीच पुसला, असं?"

"ठेवला, असं सांगा," कुलूपवाली म्हणाली. "दुसऱ्या कोणी पुसला असता तर उरला नसता."

पुलाशी पोचले तेव्हा दोनला आठ कमी होते. बाकाशेजारी एक टॅक्सी उभी होती, डिकी उघडी, दोन मोठ्या बॅगा. बाकावरचा माणूस उठून बॅगांकडे निघाला होता. वाऱ्यामुळे कोटाची कॉलर वर केलेली. पाठीवरून तो कोणाचाही मुलगा असू शकला असता.

मास्तरांना गाडीचं दार उघडेना. ते उघडायला जावई उतरला, तोवर काकू दुसऱ्या बाजूने बाहेर पडून चालूही लागल्या होत्या. त्यांनी हाक मारली नाही. मागून जाऊन त्याची डावी बाही धरली, उलटी केली आणि बघितलं.

तो वळला. काही बोलायला त्याने तोंड उघडलं, पण काकूंनी त्याला खांद्याला धरून बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि सुईच्या टोकाने हिरवा टाका उसवू लागल्या. मास्तर हळूहळू चालत आले आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. त्यांनी मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मग आठ वर्षांचं सगळं रडू त्यांना एकदम आलं.

कुलूपवाली गाडीशीच थांबली. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला, थोड्या वेळाने पुन्हा दिला. तेव्हा ती त्याच्याकडे गेली आणि थोडं थांबा म्हणाली.

"किती थांबू?" त्याने विचारलं. "दोन वाजून गेले."

तिने बाकाकडे पाहिलं. काकू आता करडा दोरा जपून घालत होत्या, त्यामुळे काम हळू चाललं होतं. मुलाने हात पुढे धरून ठेवला होता आणि तो जरासुद्धा हलवत नव्हता.

"टाका पुरा होईपर्यंत," ती म्हणाली.